जी भाषा नाहीच, तिच्यावर बंदी कशाला घातली होती?

परवा सकाळी सहा वाजता मावशीचा मेसेज. मावशी कोल्हापूरची, वय बाहत्तर, आणि पहाटेचा पहिला चहा झाला की जगाचं राजकारण हातात घेते. वर ते दोन बाणांचं चिन्ह, ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेला’. मथळा : ‘युक्रेनचं सत्य, जे मीडिया दाखवणार नाही.’ खाली मावशीची स्वतःची ओळ : ‘तू रशियन शिकलायस ना, बघ बरं, बरोबर लिहिलंय.’

मजकूर थोडक्यात असा. युक्रेनी ही भाषाच नाही, रशियनची बोली आहे, जशी आपली वऱ्हाडी. ती लेनिनने कागदावर बनवली. त्यामुळे हे युद्ध म्हणजे दोन भावांचं भांडण, जगाने नाक खुपसू नये. तिथून पळालेले लोक शेजारच्या स्लाव देशांत गेले. भाषा एकच असल्याने त्यांना काही त्रास नाही. उलट ६० लाख फुकट्यांना पोसून पोलंड बुडाला. आणि शेवटी, रशियन ही संस्कृतची लेक, म्हणून आपण रशियाच्या बाजूने असायला हवं.

मावशीला फोनवर ‘खोटं आहे’ म्हणून सोडून दिलं असतं. पण संध्याकाळपर्यंत हेच प्रकरण आणखी दोन ग्रुपांवर आलं आणि एका शिकलेल्या माणसाने खाली ‘अभ्यासपूर्ण’ असं लिहिलं. आता लिहिणं आलं.

आधी भाषेचं, कारण खरी मेख तिथेच आहे. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षं रशियन गिरवली. वृत्तपत्राचं पान डिक्शनरी घेऊन वाचता येतं, एवढीच माझी लायकी. फेब्रुवारी २०२२ मध्ये भाची युक्रेनमधल्या विन्नित्स्यात मेडिकलला होती. २४ तारखेला, गुरुवारी, युद्ध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिने होस्टेलच्या वॉर्डनबाईंचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला : मामा, काय म्हणतायत ते सांग. त्यात बस होती, सीमा होती आणि ‘नेदील्यू’ हा शब्द होता. रशियनमध्ये ‘निद्येल्या’ म्हणजे आठवडा. मी ताईला छातीठोकपणे सांगितलं, अजून आठवडाभर काही हलणार नाहीत. ताईने त्या रात्री पाण्याशिवाय काही घेतलं नाही. सकाळी भाचीचा फोन : ‘मामा, आठवडा नाही, रविवार! उद्या निघतोय आम्ही.’ युक्रेनीत नेदील्या म्हणजे रविवार. पोलिशमध्येही त्याच शब्दाचा भाऊबंद रविवारच आहे. आठवड्याला युक्रेनीत ‘तीझ्देन’, पोलिशमध्ये ‘तिद्झेन’. वेगळा पडला तो रशियन.

हा एक शब्द नव्हे. धन्यवाद म्हणायला रशियन माणूस ‘स्पसीबा’ म्हणतो, युक्रेनी ‘द्याकुयू’, पोलिश ‘जेंकुये’. ज्या महिन्यात युद्ध पेटलं तो रशियनमध्ये ‘फिव्राल’, युक्रेनीत ‘ल्यूती’, पोलिशमध्ये ‘लूती’. ल्यूती म्हणजे उग्र, निर्दय. थंडीवरून पडलेलं नाव. व्याकरणात जा : युक्रेनीने संबोधन विभक्ती सांभाळली, रशियनने जवळजवळ टाकून दिली. आपण ‘मुला’, ‘मुलांनो’ म्हणतो ना, तसं युक्रेनी पोर आईला हाक मारताना ‘मामा’चं ‘मामो’ करतं. कोस्त्यांतिन तिश्चेन्को या युक्रेनी भाषातज्ज्ञाने शब्दसंग्रहांची तुलना केली, तेव्हा युक्रेनी आणि रशियन यांत ३८ टक्के फरक निघाला, पोलिशशी ३०, बेलारूसीशी १६. अशा मोजण्या ढोबळच असतात, मी त्यावर पैज लावणार नाही. पण बोलीचं गणित असं येत नाही.

आता लेनिन. इवान कोतल्यारेव्स्कीचं ‘एनेइदा’ हे काव्य बोलत्या युक्रेनीत छापलं गेलं १७९८ मध्ये. लेनिन जन्मला १८७० मध्ये. बाळाने जन्माआधी ७२ वर्षं भाषा बनवली म्हणायची. कवी-चित्रकार तारास शेवचेन्कोचा ‘कोब्झार’ हा काव्यसंग्रह १८४० चा. त्याला १८४७ मध्ये हद्दपार करून सैन्यात टाकलं आणि झारने वर हुकूम सोडला, याला लिहू देऊ नका, चित्रंही काढू देऊ नका. १८६३ मध्ये झारचा गृहमंत्री वालुयेव याने परिपत्रक काढलं. त्यात मत असं नोंदवलेलं की अशी वेगळी भाषा नव्हती, नाही आणि असूच शकत नाही. छान. मग १८७६ मध्ये जर्मनीतल्या एम्स गावी हवापालटाला बसलेल्या झार अलेक्झांडर दुसऱ्याने त्या नसलेल्या भाषेत पुस्तकं छापायला, बाहेरून आणायला, नाटकं करायला बंदी का घातली? आमच्या गल्लीत नसलेल्या कुत्र्याला कोणी हाड म्हणत नाही.

लेनिनच्या गोष्टीत अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने देतो. १९२० च्या दशकात बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या पक्षाने, युक्रेनी शाळांना, छापखान्यांना खरोखर बळ दिलं. सोव्हिएत युक्रेनच्या सीमाही त्यांनीच आखल्या. पण पुढचं दशक फॉरवर्डवाल्याने गिळलं. १९३३ मध्ये युक्रेनी वर्णमालेतून ‘ग’चं एक अक्षर काढून टाकलं, कारण रशियनमध्ये ते नव्हतं. ते परत यायला १९९० उजाडलं. उद्या कोणी दिल्लीहून म्हणालं, हिंदीत ळ नाही, तुम्हीही टाका, ‘ल’वर भागवा, तर? शाळा, बाळ, कोल्हापूरचा गूळ, सगळं गेलं. मावशी, तू मोर्चाच्या पुढे असशील.

आणि ‘जशी आपली वऱ्हाडी’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कोकणीवर आपण काय काय बोललो ते आठवावं. कोकणी म्हणजे मराठीची बोली, हे आपल्याकडच्या मोठमोठ्यांनी किती ठासून सांगितलं. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला भाषा मानलं, १९९२ मध्ये ती आठव्या परिशिष्टात गेली, तरी एखाद्या लग्नाच्या पंगतीत तो विषय अजून निघतोच. निदान गोव्यावर आपण रणगाडे नेले नाहीत.

हो, कोट्यवधी युक्रेनी लोक रशियन बोलतात. २००१ च्या जनगणनेत जवळपास ३० टक्के लोकांनी मातृभाषा रशियन सांगितली. झेलेन्स्की स्वतः रशियन बोलत वाढलेला. शाळांतल्या भाषेचा कायदा २०१७ मध्ये झाला तेव्हा तिथल्या हंगेरियन अल्पसंख्याकांनी तक्रार केली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. पण गंमत बघा, बॉम्ब सर्वात जास्त पडले ते खार्किव्हवर, मारिउपोलवर, म्हणजे घरात रशियन बोलणाऱ्यांवरच. भाषा एक म्हणून भाऊ, आणि भाऊ म्हणून छतावर क्षेपणास्त्र. १ डिसेंबर १९९१ च्या सार्वमतात ९० टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याच्या बाजूने पडली, त्यात हे रशियन बोलणारेही होते.

‘शेजारी स्लाव देश, भाषा एकच.’ याला नकाशा पुरे. युक्रेनच्या पश्चिमेच्या शेजाऱ्यांत पोलंड आणि स्लोव्हाकिया स्लाव. रोमानिया, मोल्दोव्हा, हंगेरी नाहीत. रोमानियन ही लॅटिनची मुलगी, मोल्दोव्हातही तीच चालते. हंगेरियनचं नातं फिनिशशी. भाचीची बस सिरेतला रोमानियात शिरली, तिथे ना तिचं मोडकं युक्रेनी चाललं ना माझं मोडकं रशियन. सूप देणाऱ्या बाईला ती हात जोडून ‘थँक्यू’ म्हणाली, काम झालं.

आणि जिथे भाषा खरोखर जवळच्या, तिथे तर जास्त फसायला होतं. पोलिश बेकरीत ‘चेर्स्त्वी’ पाव म्हणजे शिळा, युक्रेनीतही शिळाच. सीमा ओलांडून चेकमध्ये जा, तिथे दुकानदार अभिमानाने पाटी लावतो, ‘चेर्स्त्वी’ पाव. तिथे त्याचा अर्थ ताजा. ओळखीचा शब्द दिसतो आणि पाय घसरतो. हिंदीवाला माणूस मराठीत पहिल्यांदा ‘शिक्षा’ ऐकतो तसं. पोलिश शाळेत बसवलेल्या दहा वर्षांच्या पोराला ‘भाषा एकच आहे, तुला काय त्रास’ असं सांगून बघा.

आता फुकटे. या मुद्द्याने मी खरोखर चिडलो. पहिली गोष्ट, ६० लाख पोलंडमध्ये नाहीत. तो आकडा साधारण सगळ्या युरोपातल्या युक्रेनी निर्वासितांचा आहे. पोलंडमध्ये संरक्षण घेऊन राहिलेले सुमारे दहा लाख. सीमेवरच्या नोंदी याहून कितीतरी मोठ्या दिसतात, कारण नवऱ्याला भेटायला परत गेलेली बाई पुन्हा आली की पुन्हा मोजली जाते. युरोपीय संघाने २००१ पासून कपाटात पडलेला तात्पुरत्या संरक्षणाचा निर्देश मार्च २०२२ मध्ये पहिल्यांदा वापरात काढला. त्यामुळे या लोकांना राहण्याबरोबर कामाचाही हक्क लगेच मिळाला. आणि त्यांनी काम केलं. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेसाठी डेलॉइट या सल्लागार कंपनीने २०२५ मध्ये केलेला अहवाल सांगतो, पोलंडमधल्या कामाच्या वयाच्या युक्रेनी निर्वासितांपैकी ६९ टक्के लोक कामाला लागलेत, आणि २०२४ मध्ये त्यांच्यामुळे पोलंडच्या जीडीपीत, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनात, २.७ टक्क्यांची भर पडली. पोलिश लोकांची बेकारी वाढल्याचं किंवा पगार घसरल्याचं त्यात दिसलं नाही. अहवाल निर्वासितांच्या संस्थेने करवला आहे, मान्य, जरा सावधपणे वाचा. पण २.७ टक्के कमावून देणाऱ्याला फुकट्या म्हणायचं तर निम्म्या महाराष्ट्राला काय म्हणाल?

या ‘फुकट्यां’त बहुतांश बायका आणि मुलं, कारण १८ ते ६० वयाच्या पुरुषांना सुरुवातीपासून देश सोडायला बंदी होती. हे चित्र कोल्हापूरकरांना तरी नवं नसावं. मावशी, तुझी आई, म्हणजे माझी आजी, सांगायची ना, बाजारात गोऱ्या बायका यायच्या आणि बोटांनी भाव करायच्या? वळिवड्याच्या छावणीतल्या त्या. स्टालिनने सैबेरियात नेऊन टाकलेले पोलिश लोक, बहुतेक बायका-पोरंच, सुमारे पाच हजार, १९४३ ते १९४८ तिथे राहिले. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, तू रोज फिरायला जातेस तिथे.

पोलंडला झळ बसली नाही असं मात्र नाही. काळ्या समुद्राची वाट अडल्यावर युक्रेनचं धान्य रस्त्याने आणि रेल्वेने पोलंडात आलं, भाव पडले, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर सीमेवर आडवे लावले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारला आयातबंदी चालू ठेवावी लागली. कांद्याचा भाव कोसळल्यावर लासलगावात काय होतं ते माहीत असलेल्याने त्या शेतकऱ्यांना हसू नये. पण ते धान्य होतं, माणसं नव्हती. फॉरवर्डने दोन्ही एकाच पोत्यात भरलं.

संस्कृतची लेक? ‘ब्रात’ आणि भ्राता, ‘त्री’ आणि त्रि, जवळचेच आहेत. तसे ते युक्रेनीतही आहेत, पोलिशमध्येही. एका मोठ्या कुटुंबातल्या दूरच्या बहिणी. त्या न्यायाने युक्रेनही आपलीच भाची ठरते.

हे सगळं काल रात्री मावशीला पाठवलं. सकाळी सहाला उत्तर : ‘वाचलं. त्या अक्षराचं वाईट वाटलं. पण ते मी भजनी मंडळातही टाकलंय रे, आणि तिकडून ते गावाकडच्या ग्रुपवर गेलंय. तिथे आता तूच काय ते लिही.’