गॉलवे फायनल

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून सुटलेली गाडी अख्खं आयर्लंड आडवं कापून अडीच तासांत गॉलवेला पोचते. आमचा ग्रुप संक्रांतीला सुटला होता. गणपतीचं विसर्जन झालं तरी तो तारखेवरच अडकला होता.

ग्रुप अर्थात व्हॉट्सॲपचा. नाव ‘गॉलवे फायनल’. त्याआधी नुसता ‘गॉलवे’ होता, पण त्यात रोज सकाळी गुड मॉर्निंगचे सूर्य उगवायला लागले, तेव्हा तो सोडून द्यावा लागला. बेत साधा होता. शनिवारी जायचं, रविवारी परत. तीन कुटुंबं, त्यांची मुलं, आणि उन्हाळ्यात व्हिसावर आलेले माझे सासू-सासरे.

खरी अडचण अशी की गॉलवेला मोकळा शनिवार नसतो आणि आपल्या पंचांगालाही नसतो. जुलैत तिथं कलामहोत्सव, चांगला दोन आठवड्यांचा. तो आटपतो न आटपतो तोच बॅलिब्रिटच्या मैदानावर घोड्यांच्या शर्यती लागतात, त्या सलग सात दिवस. त्या आठवड्यात गॉलवेत खोली शोधणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात लॉज शोधण्यासारखं. फक्त इथले वारकरी पिसांच्या टोप्या घालून उंच टाचांवर येतात. शर्यती संपल्या की इकडे श्रावण बसतो आणि अर्धा ग्रुप ‘बाहेरचं नको’ म्हणतो. मग सप्टेंबरच्या शेवटी ऑयस्टर म्हणजे कालवांचा महोत्सव, १९५४ पासून चालत आलेला. आणि सप्टेंबरचा शेवट आपल्याकडे कधी गणपतीत येतो, कधी पितृपक्षात, कधी नवरात्रात. रिकामा येत नाही.

यंदा पितृपक्ष होता. हे महत्त्वाचं अशासाठी, की सासरे मूळचे मालवणचे. लहानपणी ओहोटीला खडकावर बसून कालवं फोडलेला माणूस. गॉलवेच्या खाडीतही कालवं होतात आणि लोक त्यांचा चक्क उत्सव करतात, हे कळल्यावर त्यांना या सहलीत पहिल्यांदा रस वाटला.

“करतत कशी?” त्यांनी विचारलं.

करत नाहीत, मी सांगितलं. शिंपला उघडतात, लिंबू पिळतात आणि तशीच गिळतात. सोबत ब्राउन ब्रेड आणि काळी बिअर.

“वाटपाशिवाय?” म्हणजे वाटणाशिवाय.

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग म्हणाले, “बघूक तरी होया.”

सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “पितृपक्ष आहे.” विषय संपला.

सणासुदीचे शनिवार वगळले तर उरलेल्या शनिवारी गॉलवेत नवऱ्या मुली येतात. लग्नाआधी मैत्रिणींना घेऊन, खांद्यावरून गुलाबी पट्टा आणि डोक्यावर प्लॅस्टिकचा मुकुट अशा थाटात. वहिनींना हे हॉटेलांच्या प्रतिक्रिया वाचताना कळलं. लोक पोथी वाचतात तशा वहिनी प्रतिक्रिया वाचतात: रोज, ठरावीक वेळी, मोठ्यानं. ‘रात्री तीनपर्यंत जिन्यात गाणी चालू होती’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवलं.

“म्हणजे मुलीचं केळवण,” सासूबाई म्हणाल्या. “पण ते बाहेरगावी कशाला?”

“मुलाचंही असतं, आई. वेगळं.”

“कुठं?”

“तेही गॉलवेतच.”

एकदाचं एक शांत हॉटेल सापडलं. मी लिंक टाकली. ग्रुपवर मतदान झालं. पर्याय होते ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बघू’. ‘बघू’ प्रचंड बहुमतानं निवडून आलं. आम्ही बघेपर्यंत हॉटेलनं भाव वाढवला, शिवाय शनिवार-रविवारी निदान दोन रात्री घ्याव्या लागतील असंही कळवलं. म्हणजे शुक्रवारी निघायला हवं, म्हणजे शाळा बुडणार, म्हणजे पुन्हा मतदान. मधल्या काळात सासूबाईंनी एकच प्रश्न विचारला होता, की तिथं गॅस आहे का. त्यामुळे हॉटेलाऐवजी स्वयंपाकघर असलेलं घर बघायचं ठरलं आणि आम्ही परत फेब्रुवारीत गेलो.

भाऊंचं एक्सेल मात्र या सगळ्याच्या फार पुढे धावत होतं. भाऊ मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत आणि सुटीही तशीच घेतात. शनिवार, ९:१० ते ९:२५, आयर स्क्वेअर, केनेडींच्या स्मारकाशी फोटो. १९६३ च्या जूनमध्ये केनेडींनी इथंच भाषण केलं होतं, ही माहिती शेजारच्या रकान्यात. ९:२५ ते ९:४०, शॉप स्ट्रीट. ९:४० ते ९:५०, सेंट निकोलस चर्च. ९:५० ते १०:००, स्पॅनिश आर्च, १५८४. मी नकाशा उघडून बघितला. आयर स्क्वेअरपासून स्पॅनिश आर्चपर्यंत रमतगमत चाललं तरी पंधरा मिनिटं लागतात. वाटेत दर वीस पावलांवर कुणीतरी गिटार घेऊन उभा असतो, आणि या गावात करायचं असतं ते बहुधा एवढंच: त्याच्यासमोर थांबणं. थांबायला एक्सेलमध्ये रकाना नव्हता.

दहा वाजता गॉलवे संपल्यामुळे भाऊंनी उरलेल्या दिवसात मोहरचे कडे बसवले. ते शेजारच्या क्लेअर परगण्यात, दीड तासावर. २१४ मीटर उंचीवरून अटलांटिक बघायचा, असेल धुकं तर धुकं बघायचं. रविवारी अरान बेटं. त्यासाठी आधी बसनं रॉसाव्हीलच्या धक्क्यावर, तिथून चाळीस मिनिटं बोट. कॉनेमाराचा डोंगराळ मुलूख ‘वेळ उरल्यास’. गावात आम्ही नेमके झोपणार तेवढे होतो.

संध्याकाळी पबमधलं पारंपरिक संगीत, हे मात्र सगळ्यांना एकमतानं हवं होतं. फिडल, बासरी, बोरान नावाचा डफ; तिकीट नाही, मंच नाही, कोपऱ्यात बसून वाजवतात. अडचण कायद्याची निघाली. मुलांना पालकांबरोबर पबमध्ये रात्री नऊपर्यंतच बसता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत. आणि बऱ्याच ठिकाणी मैफल रंगते साडेनऊनंतर. म्हणजे सप्टेंबरात गेलो तर मुलांना अर्धा तास संगीत आणि ऑक्टोबरात गेलो तर वादकांना खुर्च्या लावताना बघायचं. भाऊंनी आईवडिलांच्या पाळ्या लावल्या. पाळीत कुणाला आधी पाठवायचं यावरून दोन घरांत अबोला झाला.

वहिनींना क्लाडाची अंगठी हवी होती: दोन हातांत धरलेलं हृदय, वर मुकुट. ती कोणत्या हातात आणि कोणत्या दिशेला घातली यावरून बाई बांधलेली की मोकळी हे समजतं म्हणे. सासूबाई त्यांच्या मंगळसूत्राकडे बघून म्हणाल्या, “हे दिसतंय ना लांबून?” सॉल्टहिलचा समुद्रकाठ मात्र त्यांना पसंत पडला. तिथं लोक टोकाच्या भिंतीपर्यंत चालत जातात, तिला एक लाथ मारतात आणि परततात. का, ते तिथल्या लोकांनाही धड सांगता येत नाही. “आमच्या ज्ञानोबांनी भिंत चालवली,” सासूबाई म्हणाल्या, “हे भिंतीला लाथा मारतायत.” मग जरा विचार करून म्हणाल्या, “मी हळूच पाय लावीन आणि नमस्कार करीन.”

तेवढ्यात हवामान खात्याचा पिवळा इशारा आला. गॉलवेचा पाऊस वरून पडत नाही, समोरून येतो, त्यामुळे छत्री ही तिथं फक्त मोडण्याची वस्तू. रेनकोट घ्यायचे की बेत पुढे ढकलायचा यावर मतदान सुरू झालं. “पाऊस आमका शिकव नको,” एवढं बोलून सासरे सकाळी फिरायला म्हणून बाहेर पडले.

साडेअकरा वाजले, आले नाहीत. फोन उचलेनात. मी कालव्यापर्यंत जाऊन आलो, बायको पार्कात बघून आली. दुपारी दीडला ‘गॉलवे फायनल’वर फोटो पडला. गॉलवेच्या भर रस्त्यात ऑस्कर वाइल्ड आणि एडुआर्ड विल्डे या दोन लेखकांचे पुतळे एका बाकावर बसलेले आहेत, एस्टोनियानं भेट दिलेले. दोघं आयुष्यात एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण बसलेत असे की गप्पा जुन्याच असाव्यात. त्या दोघांच्या मधोमध सासरे. ओलेचिंब. दुसऱ्या फोटोत एक ताटली, त्यात अर्धा डझन रिकामे शिंपले आणि पिळलेलं लिंबू. खाली लिहिलं होतं: ‘वाटाप नाय, तरी बरी आसत.’

ग्रुपवर पाच मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो मोठा करून बघितला आणि कॅलेंडरपाशी जाऊन आजची तिथी शोधायला लागल्या.

मग भाऊंचा मेसेज आला. ‘काका, बस कितीची मिळाली? शीटमध्ये टाकतो.’