आंबा कलरची कावीळ

आमच्या घराला शेवटचा कलर काढला त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा लेक दोन वर्षांची होती आणि पेंटर जिना उतरून खाली पोचायच्या आत तिने सोफ्यामागच्या भिंतीवर स्केचपेनने एक हत्ती काढला होता. त्या हत्तीवर आम्ही कॅलेंडर टांगलं, दर वर्षी नवीन कॅलेंडर, हत्ती तोच. कलर कोणता होता ते विचारू नका, क्रीमच होता. डोंबिवलीत वन बीएचके घेतला की भिंतीला क्रीम, दाराला चॉकलेटी ऑइल पेंट आणि सीलिंगला पांढरा हे आपोआप होतं, त्याच्यासाठी कुणाला काही ठरवायला लागत नाही.

पण मे महिन्यात आम्ही गोव्याला गेलो आणि तिथे बायको पणजीच्या फोंतेन्हासमध्ये शिरली. ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, एक घर गडद निळं, शेजारचं हळदी पिवळं, पुढचं विटकरी, सगळ्यांना पांढऱ्या पट्ट्या आणि वर लाल कौलं. बायकोने एका निळ्या भिंतीसमोर उभं राहून सदतीस फोटो काढून घेतले (काढणारा मी, म्हणून आकडा पाठ आहे) आणि अडतिसाव्याला म्हणाली, "बघ, किती धीट असतात लोकं. आणि आपण? क्रीम." ते 'क्रीम' तिने असं उच्चारलं की जणू मी काही लफडं केलंय.

मला तिथेच सांगायचं होतं की बाई, हे सगळं घराबाहेरून आहे, उघड्यावर, समुद्राकाठच्या उन्हात. आपल्या हॉलमध्ये ऊन सकाळी साडेसात ते आठ येतं, तेसुद्धा समोरच्या विंगमधल्यांनी चादर वाळत घातली नसेल तर. पण सुट्टीत भांडायचं नाही असं ठरलेलं, म्हणून गप्प बसलो. ती माझी पहिली चूक.

गणपतीच्या आधी कलर काढायचा असं ठरलं, म्हणजे अर्थात भर पावसात. पेंटर लातूरकडचे, आमच्या बिल्डिंगमधली निम्मी घरं त्यांनीच रंगवलेली. त्यांनी आल्याआल्या भिंतीवर टकटक केलं, खिडकीखालचे ओलीने आलेले पोपडे नखाने काढले, आणि म्हणाले, "साहेब, पावसात वाळत न्हाई लवकर. क्रीम मारू, डोळं झाकून." बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की ते बिचारे लगेच प्रायमरबद्दल बोलायला लागले.

मग शेड कार्ड आलं. आता हे कार्ड नसतं, ग्रंथ असतो. हजाराच्या वर शेड, प्रत्येक शेड दोन बोटांएवढी, आणि खाली नाव. नावंही काय, तर 'मॉर्निंग समथिंग' आणि 'व्हिस्परिंग अमुक', एकाही नावावरून कलर कळेल तर शपथ. दुकानात जाऊन नंबर सांगायचा, मग तो माणूस पांढऱ्या बेसचा डबा मशीनखाली ठेवतो, वरून थेंब थेंब रंग पडतात, डबा दुसऱ्या मशीनमध्ये गदागदा हलतो आणि झाकण उघडलं की तुमचं नशीब. एकदा मशीनमध्ये मिसळला की डबा परत घेत नाहीत, तशी पाटीच लावलेली असते. लग्नाच्या हॉलवाल्यांनीही अशी पाटी लावायला हरकत नाही.

पण खरा घोळ नावांचाच झाला. आमच्या घरात रंगांच्या तीन भाषा आहेत. लेक टील, मस्टर्ड, पीच, मॉव्ह असं बोलते. आईचे रंग सगळे साड्यांच्या दुकानातले, मोरपंखी, आमसुली, अबोली, डाळिंबी, गुलबक्षी, श्रीखंडी, वांगी, रामा ग्रीन. (चिंतामणी नावाचाही एक रंग आहे, तो नक्की कोणता यावर आई आणि मावशीचं चाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही, त्यात आपण पडायचं नाही.) आणि मला शाळेत शिकवलेले सात येतात, तानापिहिनिपाजा, प्लस क्रीम. बायको दुभाषी आहे, ती तिन्हीकडून ऐकते आणि शेवटी स्वतःचंच करते.

लेकीने मोबाईलवर एक ॲप काढलं, त्यात आपल्या हॉलचा फोटो टाकायचा आणि भिंतीवर बोट ठेवलं की कलर बदलतो. ॲपमध्ये आमचा हॉल इतका सुंदर दिसत होता की मलाच भाड्याने घ्यावासा वाटला. फक्त ॲपला हत्तीवरचं कॅलेंडर, इन्व्हर्टर आणि दोरीवर वाळत घातलेले टॉवेल ही भिंतच वाटली, त्यामुळे टॉवेलही मस्टर्ड झाले. लेक म्हणाली इंटिरियरवाले साठ-तीस-दहा पाळतात, साठ टक्के मुख्य रंग, तीस टक्के जोडीचा, दहा टक्के मधूनच भडक काहीतरी. मी म्हटलं आपल्या घरात निर्णयही त्याच हिशोबाने होतात, फक्त ते दहा टक्के कुणाचे ते मला अजून कळलेलं नाही.

शेवटी कॉम्बिनेशन ठरलं ते असं. टीव्हीची भिंत मोरपंखी, उरलेल्या तीन भिंती आंबा कलर. आंबा म्हणजे पिकलेला हापूस, आतून. पेंटर म्हणाले, "वैनी, आधी दोन बाय दोनचा तुकडा मारून दावतो, सकाळी बगा, दुपारी बगा, रातच्याला लाईटीत बगा, मग ठरवा." शहाणा माणूस. पण गणपती तीन आठवड्यांवर आलेले, लादीचा पॉलिशवाला पुढच्या सोमवारी बुक केलेला, त्यामुळे आम्ही म्हटलं मारा.

पिवळ्याची एक गंमत असते, तो झाकत नाही. पहिला हात मारला तर खालून क्रीम दिसतंय, दुसरा मारला तर जिथे पुट्टी भरलेली तिथे ढग दिसतायत, आणि सोफ्यामागे, मी शपथेवर सांगतो, हत्तीची सोंड दिसत होती. तिसरा हात मारला तेव्हा कुठे सोंड गेली. पावसामुळे प्रत्येक हाताला एक पूर्ण दिवस, तोपर्यंत आम्ही चौघं, फ्रिज, कपाट आणि गुंडाळलेल्या गाद्या असे सगळे एका बेडरूममध्ये. फ्रिज उघडायचा तर आईला पलंगावर पाय वर घ्यायला लागायचे.

शुक्रवारी संध्याकाळी हॉल तयार झाला. आम्ही ट्यूबलाईट लावली आणि कुणीच काही बोललं नाही. ओला असताना जो रंग हापूस होता तो वाळून रसाच्या डब्याचा तळ झाला होता. कार्डावरचा दोन बोटांचा तुकडा आणि दीडशे चौरस फुटांची भिंत यात काय फरक असतो ते मला त्या दिवशी कळलं, आणि त्यात अशा भिंती तीन. पेंटर कोपऱ्यात ब्रश धूत होते, ते हळूच म्हणाले, "भिंती येकमेकींवर उजेड फेकत्यात ना साहेब. पिवळ्यावर पिवळा चढतो." हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं असं मी म्हणणार होतो, पण सांगितलंच होतं, दोन बाय दोनचा तुकडा.

बायको म्हणाली लाईटचा प्रॉब्लेम आहे. मग मी खाली जाऊन वॉर्म वाले एलईडी बल्ब आणले. ते लावल्यावर तीन भिंती अजून पिकल्या आणि मोरपंखी भिंत शेवाळी झाली, खोल विहिरीत असते तशी. परत ट्यूब लावली. ट्यूबमध्ये मोरपंखी बरी दिसायची पण तिच्यासमोर बसलेल्या माणसाला आपण सरकारी दवाखान्यात नंबर लावून बसलोय असं वाटायचं.

आणि मग नागपूरच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला. आईने कौतुकाने फोन धरला, म्हणाली बघ गं, हॉल रंगवला. मावशीने हॉल बघितलाच नाही. ती माझ्याकडे बघत होती. "अगं ताई, याला कावीळ झालीये का?" मी म्हटलं नाही मावशी, कलर आहे तो भिंतीचा. "कलर नाही रे बाबा, तुझे डोळे पिवळे आहेत. आणि हिचे पण. अगंबाई, पोरीचे पण!" मी खिडकीत गेलो, बाथरूमच्या दाराशी गेलो, दात दाखवले, दातही पिवळे दिसले (ते थोडे आहेतच). मावशीने उसाचा रस, मुळ्याचा पाला आणि तेल-तूप बंद असं सांगून फोन ठेवला आणि अर्ध्या तासात भाचे, मामी, पुण्याचे काका सगळ्यांना कळवलं की आख्ख्या घराला काविळीने धरलंय, पाण्यातून आली असणार, डोंबिवलीचं पाणी. दोन दिवस मला फोन येत होते. एका भाच्याने तर रिपोर्ट व्हॉट्सॲप कर म्हणून सांगितलं.

त्या रात्री आईने काही न बोलता कपाट उघडलं. कपाट फ्रिजच्या मागे होतं त्यामुळे आधी फ्रिज सरकवला, मग कपाट उघडलं, आणि मलमलीत गुंडाळलेली तिची पैठणी बाहेर काढून पलंगावर पसरली. आंब्याच्या रंगाची पैठणी, मोरपंखी काठ, जरीचा पदर. म्हणजे आम्ही महिनाभर ॲपवर बोटं घासून जे शोधलं ते आमच्याच कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात पडून होतं. बायकोचा चेहरा उजळला, म्हणाली बघा आई, सेम कॉम्बिनेशन!

"अगं, सेम आहे," आई म्हणाली, "पण ही मी वर्षातून एकदा नेसते. आणि चार तासांनी सोडून सुती नेसते. तू त्या भिंती काय सोडून ठेवणारेस?"

मग तिने काठावर बोटं ठेवली. चार बोटं काठ. उरलेलं सगळं अंग एका रंगाचं, तेही नीट बघितलं तर एका रंगाचं नाही, ताणा एक आणि बाणा दुसरा, त्यामुळे घडी हलवली की पिवळ्यातून तांबूस झाक येते, तिला धूपछाव म्हणायचं. रेशीम असं हलतं म्हणून भडक रंग डोळ्याला सोसतो, भिंत काही हलत नाही, असं तिचं म्हणणं. लेक म्हणाली आजी, हेच ते साठ-तीस-दहा. आई म्हणाली ते काय ते मला माहीत नाही, काठाचा रंग अंगाला लावू नये एवढं कळतं.

पेंटरना परत बोलावलं. मोरपंखी भिंत ठेवायची, तीन भिंतींना सौम्य काहीतरी. परत कार्ड, परत वाद, पण या वेळी आईने सरळ एका तुकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, मोतिया. बायकोला नाव फार आवडलं. मलाही. मोगऱ्याच्या कळीचा कसा असतो, तसा. आंब्यावर तो चढायला परत एक प्रायमर आणि दोन हात लागले, पैसे किती गेले ते लिहीत नाही, घरात हा लेख वाचतात.

शेवटच्या दिवशी पेंटरनी वहीच्या कागदावर हिशोब करून दिला. प्रायमर इतकं, लेबर इतकं, मोरपंखी एक भिंत. आणि खाली, 'क्रीम तीन भिंती'. मी बायकोकडे बघितलं. तिने पेन घेतलं, 'क्रीम' खोडलं, वर 'मोतिया' लिहिलं आणि मग पैसे दिले.

उरला आंबा कलरचा पावणेदोन लिटरचा डबा. दुकानदार घेत नाही, माळ्यावर जागा नाही. सेक्रेटरींनी तो सोसायटीसाठी मागून घेतला आणि गेटवरची वॉचमनची केबिन आतून रंगवून टाकली, सहा फूट बाय पाच फूट, एक बल्ब.

गणपतीला मावशी आली. आम्हा सगळ्यांचे डोळे खिडकीत नेऊन तपासले, समाधान झालं, मोतिया भिंतींना छान म्हणाली. मग चहाचा कप खाली ठेवून मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अरे, तुमच्या त्या गेटवरच्या माणसाला आधी डॉक्टरकडे ने."