‘गिनीपिगला डॉक्टर लागत नाही’ या मेसेजला उत्तर

‘गिनीपिग पाळा, डॉक्टर विसरा’ हा मेसेज यंदाच्या मे महिन्यात मला चार ग्रुपवरून आला. शाळेच्या पालकांचा ग्रुप, वाडीचा ग्रुप, आंबा बागायतदारांचा आणि मुंबईच्या भावकीचा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुत्र्याचा खर्च झेपत नसेल तर मुलांना गिनीपिग घेऊन द्या. हे जनावर दोनच वर्षं जगतं. उरलेली भाकरी, भात काहीही खातं. कोकणची हवा त्याला मानवते. लस लागत नाही. सर्दी झालीच तर घरात असलेलं मुलांचं अँटिबायोटिक पुरतं. जोडी ठेवली तर पिल्लं विकून खर्च निघतो. आणि आपल्याकडे त्याचा डॉक्टर नाहीच, तेव्हा पाचशेच्या जनावरापायी मुंबई-कोल्हापूर करण्यापेक्षा दुसरं आणावं. खाली हात जोडल्याचं चित्र.

माझं देवगड तालुक्यात हार्डवेअरचं दुकान आहे, मी डॉक्टर नव्हे. पण सहा वर्षं घरात गिनीपिग आहेत. मेसेजमधलं एक वाक्य खरं आहे, एक अर्धं खरं आहे, आणि एका वाक्यापायी माझ्या घरातला जीव गेला आहे. त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो.

‘मुलांचं अँटिबायोटिक पुरतं.’

आमच्याकडे आधी दोन होते, काजू आणि कोकम. काजू पांढरट पिवळा नर, कोकम तांबूस मादी. पहिल्याच पावसाळ्यात काजू शिंकायला लागला. मुलाच्या कानदुखीचं अमॉक्सिसिलिनचं सिरप फ्रीजमध्ये उरलं होतं. औषधाच्या दुकानात विचारलं तर उत्तर आलं, ‘‘तान्ह्या बाळाला चालतं, मग याला का नाही?’’ मलाही ते पटलं. सिरिंजने दोन दिवस थोडंथोडं दिलं. गोड औषध, त्याने चाटूनपुसून घेतलं. तिसऱ्या दिवशी लेंड्या मऊ झाल्या, संध्याकाळी पाण्यासारखे जुलाब. पोट फुगलेलं, कान गार. चौथ्या दिवशी सकाळी मुलगा शाळेत जायच्या आधी तो गेला.

कारण नंतर कळलं. गिनीपिगचं पचन त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. गवतातला चोथा तेच आंबवून देतात. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं, म्हणजे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन वगैरे, नेमकी या उपयोगी जिवाणूंना मारतात. रिकाम्या जागेत क्लॉस्ट्रिडियम नावाचे जिवाणू माजतात आणि त्यांच्या विषाने जनावर मरतं. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन, एरिथ्रोमायसिन यांचीही तीच तऱ्हा. पशुवैद्य यांना वेगळी औषधं देतात, एन्रोफ्लॉक्सासिन किंवा सल्फा-ट्रायमेथोप्रिम, आणि डोस ग्रॅममधल्या वजनावर काढतात. (नावं लिहिली म्हणून कुणी उठून औषधाच्या दुकानात जाऊ नये.) आपण सहज म्हणतो, ‘माझा गिनीपिग केला.’ मी गिनीपिगचाच गिनीपिग केला.

आणि शिंक म्हणजे सर्दीच असं तरी कुठे आहे? पेंढ्याच्या धुळीनेही शिंका येतात. उलट बोर्डेटेला नावाचा जिवाणू कुत्र्याच्या नाका-घशात त्याला काही न होता राहू शकतो आणि तोच गिनीपिगला न्यूमोनिया करतो. धूळ की न्यूमोनिया, हे छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्यानेच ठरवावं.

‘उरलेली भाकरी-भात खातो.’

खातो, हे खरं. पण मग काय होतं तेही १९०७ सालापासून माहीत आहे. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिच हे दोन संशोधक खलाशांना होणाऱ्या बेरीबेरी या आजाराचा अभ्यास करत होते. त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य आणि पाव घातला. बेरीबेरी झालाच नाही, स्कर्व्ही झाला, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार. माणसासारखंच गिनीपिगचं शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. पुढे क जीवनसत्त्वाचा शोध लागला त्यात या प्रयोगाचा मोठा वाटा होता. मेसेज लिहिणाऱ्याने तोच प्रयोग घरोघर करायला सांगितला आहे, एवढंच. स्कर्व्हीत सांधे सुजतात, जनावर उचललं की ओरडतं, हिरड्यांतून रक्त येतं, केस विस्कटतात. घरचे म्हणतात, ‘आळशी झालाय.’

एक किलोच्या गिनीपिगला रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागतं. त्यासाठी बाटलीतले थेंब पाण्यात टाकू नका, उजेडात ते लवकर निकामी होतं आणि चव बदलली की पाणी पिणंही कमी होतं. परसातल्या पेरूची सुपारीएवढी फोड पुरते. ढोबळी मिरचीचा तुकडा, मूठभर कोथिंबीर हेही चालतं. पालक आणि माठ रोज नको, त्यांनी मूतखड्याची भीती वाढते.

पण मुख्य खाणं गवत. त्याचे सगळे दात आयुष्यभर वाढतात, मागच्या दाढासुद्धा, आणि ते झिजवायला दिवसभर गवत चावत राहावं लागतं. आपल्याला याची चणचण नाही. दिवाळीच्या सुमारास सड्यावरचं गवत कापून वाळवतात, तेच दोन पोती मागून घ्यायचं, कुसळं असलेलं बाजूला काढायचं, कारण ती डोळ्यात घुसतात. खरी पंचाईत पावसाळ्यात होते. जुलैत पोत्यात हात घातला आणि कुबट वास आला की ते गवत सरळ माडाच्या आळ्यात. मी आता झाकणाच्या प्लास्टिक पिंपात ठेवतो. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, पोटाला नव्हे.

‘दोनच वर्षं जगतो.’ नीट ठेवला तर पाच ते आठ. माझी कोकम सहाची आहे.

‘कोकणची हवा मानवते.’

हे जनावर मूळचं दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं, गार आणि कोरड्या हवेचं. त्याला घाम येत नाही. पारा २७-२८ च्या वर गेला की त्रास सुरू होतो, दमटपणा असेल तर लवकर. आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा, अंगाला शर्ट चिकटलेला आणि त्यात दुपारी लाईट गेलेली. पत्र्याच्या पडवीत पिंजरा ठेवला तर जनावर दुपारभरात जातं आणि आपण म्हणतो, ‘सकाळी बरा होता.’ पिंजरा घरातल्या सर्वांत गार जमिनीवर हवा. मी एक मंगलोरी कौल भिजवून ठेवतो, कोकम त्यावर पोट टेकून पसरते. बर्फाची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवली तरी चालते. लाळ गळत असेल, धापा टाकत असेल, आडवा पडला असेल तर कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करायचे, बर्फाच्या पाण्याने नाही, आणि लगेच फोन लावायचा. पावसाळ्यात दुसरं दुखणं, बुरशी. अंगावर गोल चट्टे पडतात. ते गजकर्ण माणसालाही लागतं, आमच्या पोराच्या मनगटावर उमटलं होतं.

‘जोडी ठेवा, पिल्लं विका.’

मादी दीड महिन्याची झाली की गाभण राहू शकते. पण पहिली वेळ सात-आठ महिन्यांनंतर आली तर ओटीपोटाची हाडं तोवर जुळून घट्ट झालेली असतात, पिल्लं अडकतात आणि सिझेरियनची वेळ येते. दुकानातून ‘दोन्ही माद्या’ म्हणून आणलेल्या जोडीत एक नर निघणं ही फार नेहमीची गोष्ट. शिवाय व्यायल्यावर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं कोण विकत घेतो, हे ज्यांनी मांजराची पिल्लं वाटली आहेत त्यांना विचारा. सोबत हवीच असते त्याला, पण दोन माद्या ठेवा.

‘लस लागत नाही.’ हे बरोबर आहे. गिनीपिगला ठरावीक लसी नसतात.

आता शेवटचं आणि सर्वांत जास्त पटणारं: ‘डॉक्टर नाहीच, आणि पाचशेच्या जनावरावर कोण खर्च करणार?’

डॉक्टर नाही हे अर्धं खरं. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी, बकऱ्या आणि कुत्री येतात. मी कोकमला घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ‘‘मी गिनीपिग फार पाहिलेले नाहीत.’’ मला ते आवडलं. त्यांनी समोर पुस्तक उघडलं, वजन केलं, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, किडे निघाले. वजनाप्रमाणे आयव्हरमेक्टिन दिलं, ठरावीक दिवसांनी पुन्हा बोलावलं. माझे दीडशे रुपयेही गेले नाहीत. खरूज, नखं, गळू, वजन यासाठी मुंबईचा तज्ज्ञ लागत नाही. डॉक्टर निवडायला माझा एकच प्रश्न असतो, ‘‘यांना पेनिसिलिन देता का?’’ पटकन ‘नाही’ आलं की मी निर्धास्त. आणि हा फोन जनावर धडधाकट असताना करायचा, रात्री अकराला नव्हे. मोठ्या कामासाठी परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १८८६ पासूनचं, शेजारीच बाई साकरबाई पेटिट जनावरांचं हॉस्पिटल. परळ-लालबागला ज्याचं कुणीच नाही असं घर आमच्या वाडीत तरी नाही. तरी आधी फोन करून विचारायचं.

आता पैसे. दोन वर्षांपूर्वी कोकमच्या दाढा वाढल्या. मी दर रविवारी तिचं वजन करतो, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर, स्टीलच्या टोपात बसवून. वहीत ओळीने आकडे आहेत: ९४०, ९३५, ९१०, ८७०. तिसऱ्या रविवारी मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, उन्हाळा आहे. चौथ्या रविवारनंतर तिने पेरूची फोड तोंडात घेतली, मान तिरकी केली, फोड खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. हनुवटीखालचे केस ओले होते. भूक होती, गिळता येत नव्हतं. खालच्या दाढा आत वाढून जिभेवर कमान झाली होती.

हापूसच्या लाकडी पेटीत गवत घालून तिला बसवलं आणि सकाळी सहाला फोंडाघाटाने कोल्हापूर गाठलं. तिथे भूल देऊन दाढा घासल्या. हिशेब असा: तपासणी ४००, भूल आणि दाढा १८००, औषधं ४५०, पेट्रोल १८००. एकूण ४४५०. शेजारचे काका म्हणाले, ‘‘पाचशेचो उंदीर आणि साडेचार हजाराचो डॉक्टर? खुळो झालस काय?’’ घरी आल्यावर आठवडाभर दर तीन-चार तासांनी पेलेट (त्यांच्या खाद्याच्या विकतच्या गोळ्या) भिजवून त्याची पेज सिरिंजने पाजली. गिनीपिगने बारा तास काही खाल्लं नाही तर आतडं थांबायला लागतं, मग पोटात वायू धरतो आणि यकृतही बिघडतं. हे काम बायकोने केलं, श्रेय तिचं.

काकांचं गणित मला मान्य नाही. सायकल घेतली की पंक्चरचा खर्च सायकलच्या किमतीवर ठरत नाही, आणि सायकलला भूक तरी लागत नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या साडेचार हजारांतला किती खर्च माझ्या दोन आठवड्यांच्या दिरंगाईचा होता? तिसऱ्या रविवारी गेलो असतो तर दाढा तरी घासाव्याच लागल्या असत्या. पण ती ९१० ग्रॅमची, खाती-पिती भूल घ्यायला गेली असती. कोल्हापूरला पोचलो तेव्हा काट्यावर ८२० होती, आणि डॉक्टर आधी म्हणाले की भुलेतून उठेल याची खात्री देत नाही. हे जनावर शिकार होणाऱ्यांतलं, दुखणं लपवतं. आपल्याला दिसतं तोवर उशीर झालेला असतो. पाचशे रुपयांच्या काट्याला आधी दिसतं. एका रविवारी उतरलं की लक्ष ठेवायचं, सलग दुसऱ्या रविवारीही उतरलं की निघायचं. आणि महिन्याला दोनशे रुपये एका डब्यात टाकायचे, आमचा लोणच्याचा रिकामा बरणीवजा डबा आहे.

तरी पैसे संपतात, हेही मी जाणतो. मेसेजवर राग आहे तो ‘दुसरं आणा’ या शब्दांवर. डॉक्टरला दारातच विचारावं, ‘‘किती होतील? माझ्याकडे इतकेच आहेत, यात काय करता येईल?’’ त्यात लाज कसली. कधी उत्तर येतं की शस्त्रक्रिया नको, वेदना कमी करू. कधी येतं की त्याला शांत जाऊ द्या. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही जनावर सांभाळणाऱ्यावर त्याच्या स्वास्थ्याची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची जबाबदारी टाकली आहे. तिथे जनावराची किंमत विचारलेली नाही.

कोकमला यंदा अंडाशयात गाठ निघाली, म्हाताऱ्या माद्यांमध्ये हे खूप आढळतं. शस्त्रक्रिया होऊ शकते, पण सहाव्या वर्षी, आधीच एकदा भुलेतून कशीबशी उठलेली. आम्ही दोघं रात्री बसून बोललो, मुलालाही बसवलं. नको म्हटलं. रोज वेदनेचं औषध चालू आहे, पेरू खाते, कौलावर पसरते. गेल्या रविवारी ८०६ भरली.