फुकटचा संशय

"पण सर, तुम्ही हे फुकट का करता?"

परवा एका अनोळखी गृहस्थांनी मला हे विचारलं आणि तेव्हापासून माझं जे टाळकं सटकलंय, ते अजून जागेवर आलेलं नाही. मदत मागायला तेच ऑनलाइन आले होते, मी नव्हतो गेलो. वडिलांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आठवणी होत्या. नव्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा नुसता कचरा. युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टांचं हे दुखणं जुनंच आहे. त्यांत 'क'ला स्वतःचं घर नसतं, तो एखाद्या रोमन अक्षराच्या जागेत भाड्याने राहतो. फॉन्ट गेला की मूळ मालक दारात उभा. हे निस्तरायला मला येतं, आणि खरं सांगायचं तर आवडतंही.

आता मीही काही दुधखुळा नाही. फोटोच्या जागी गुलाबाचं फूल, नावाच्या जागी नुसतं 'मी', खातं ताजं, आणि वर "सर, जरा अर्जंट". ठग कसा ओळखावा याच्या कुठल्याही परीक्षेत हा मनुष्य पहिल्या वर्गात पास झाला असता. शिवाय अनोळखी माणसाच्या वर्ड फाइलच्या पोटात कुठला मॅक्रो, म्हणजे फाइलमध्येच घातलेला छोटा प्रोग्राम, दडून बसला असेल सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, फाइल नको, मजकुराच्या चार ओळी इथेच चिकटवा.

"ओळी कशाला हव्यात? त्यात घरचं आहे." आणि मग तो प्रश्न.

काय उत्तर देणार? पैसे मागितले असते, तर गृहस्थ निर्धास्त झाले असते याची मला खात्री आहे. "आवड आहे म्हणून," असं लिहिलं. बराच वेळ शांतता. मग, "थांबा, भाच्याला बोलावतो."

भाचा आला. भाच्याने सायबर सुरक्षेचा कोर्स केला होता, किंवा करणार होता, ते शेवटपर्यंत स्पष्ट झालं नाही.

"काका, मामा साधे आहेत. आता माझ्याशी बोला. तुम्ही माणूस आहात का?"

"हो."

"असं बॉटही म्हणतो."

बिनतोड. मी आवाज रेकॉर्ड करून पाठवला. "आवाज क्लोन होतो काका, थोडासा नमुना पुरतो." मग व्हिडिओ कॉल. मी चक्क शर्ट बदलून बसलो. का, ते मला विचारू नका.

"उजवीकडे वळा. अजून. कान दिसू दे. आता चेहऱ्यासमोरून हात फिरवा. सावकाश." हात आडवा आला की कॉम्प्युटरने रचलेला खोटा चेहरा कधीकधी विस्कटतो, हे मलाही ठाऊक होतं, म्हणून निमूटपणे हात फिरवला. "आता नाक चिमटीत धरा." हे कुठल्या कोर्समधलं, देव जाणे. धरलं. मागून मामांचा आवाज आला, "काय रे, खरं आहे का?"

"नाक खरं वाटतंय मामा. पण हेतू कळत नाही."

अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञाने १९५० साली यंत्राची परीक्षा मांडली, तेव्हा प्रश्न विचारणारा माणूस होता आणि माणूस असल्याचं पटवून देण्याची धडपड यंत्राला करायची होती. पुढे वेबसाइटांवर 'तुम्ही माणूसच ना?' विचारणारा कॅप्चा आला आणि यंत्रच आपल्याला ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावू लागलं. तेही सोसलं. आता माणूसच माणसाला नाक धरायला लावतो.

संशयाला माझा विरोध नाही. ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून "चुकून तुझ्याकडे सहा आकडी कोड आलाय, पाठव ना" असा निरोप येतो, आपण पाठवतो, आणि आपलंच खातं आपल्या आप्तांना तेच निरोप धाडत सुटतं. असल्या दिवसांत अनोळख्यावर कोण विश्वास ठेवणार? पण गंमत अशी की मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉरमॅक हर्ली यांनी २०१२ साली दाखवून दिलं होतं, की 'नायजेरियातल्या घबाडात वाटा देतो' ही ईमेलमधली हास्यास्पद गोष्ट ठग तशीच सांगत राहतात, कारण तीत त्यांचा फायदा असतो. शंकेखोर लोक आधीच गळून जातात, ठगाचा वेळ वाचतो. म्हणजे या मामा-भाच्यांना खरा ठग पहिल्या प्रश्नालाच सोडून गेला असता. नाक धरून बसायला भला माणूसच लागतो, आणि लोकांनी मदत करणं का सोडलं म्हणून चर्चा करायलाही पुन्हा हेच लोक पुढे!

दुसऱ्या दिवशी मामांचा निरोप आला. "सर, काम झालं. एका वेबसाइटवर सगळं टाकलं, लगेच मराठी आलं."

सगळं. घरचंसुद्धा.

"कुठल्या वेबसाइटवर?"

"नाव नाही पाहिलं. पण वर कुलूप होतं."

ते कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी मजकूर वाचत नाहीये. पलीकडे कोण बसलंय, त्याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. लोक त्यालाच प्रामाणिकपणाचा दाखला समजतात, म्हणून २०२३मध्ये क्रोम ब्राउझरने ते चिन्ह ॲड्रेस बारमधून बदलून टाकलं. मामांचा ब्राउझर त्याआधीचा असावा.

"आणि पैसे?"

"छे हो, अगदी फुकट!"

"मग ती वेबसाइट हे फुकट का करते, विचारलंत का?"

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तराऐवजी मजकुराचा नमुना आला, कौतुकासाठी. वडिलांचे सगळे रफार एकेक अक्षर घसरले होते आणि वेलांट्या भलत्याच डोक्यांवर बसल्या होत्या. मी काही बोललो नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

रात्री भाच्याचा स्वतंत्र निरोप आला. "काका, एक सांगू? राग मानू नका. असं अनोळखी लोकांना व्हिडिओ कॉलवर चेहरा सगळ्या बाजूंनी दाखवत जाऊ नका. त्यावरूनच डीपफेक बनवतात."