किंमत विचारली की हप्ता का सांगता?

शोरूममध्ये गाडीची किंमत विचारली की विक्रेत्याकडून उलटा प्रश्न येतो, "साहेब, महिन्याला किती जमेल?" अहो, किंमत विचारली आहे, किंमत सांगा ना! हप्ता हवा तेवढा खाली आणता येतो, मुदत वाढवली की झालं. मुद्दल 100 आणि वर्षाला 9 टक्के दर धरा. 5 वर्षांत व्याज साधारण 24.5 जातं, 7 वर्षांत 35. हप्ता हलका दिसतो आणि गाडी महाग झालेली असते.

त्यात नवी गाडी, बदल्यात द्यायची जुनी गाडी आणि कर्ज या तिन्हींची खिचडी करतात. सवलत म्हणून दिलेले पैसे जुन्या गाडीच्या भावात कापून घेतात, तिथे सुटलं तर व्याजदरात. म्हणून आधी फक्त नव्या गाडीचा आकडा घ्यायचा, तोही लेखी: मूळ किंमत, कर, नोंदणी, विमा, ॲक्सेसरीज, प्रत्येकाची वेगळी ओळ. त्याच मॉडेलचा, त्याच व्हेरियंटचा कागद आणखी दोन-तीन विक्रेत्यांकडून आणायचा आणि शेवटची एकूण रक्कम ताडून बघायची. जुन्या गाडीचा विषय त्यानंतर.

आणि ते पेंट कोटिंग, मॅट्स, कसलंसं 'हाताळणी शुल्क'? न मागता बिलात घुसवतात! फुकट ॲक्सेसरीजवर तर मुळीच मान डोलावू नका, त्या छापील किमतीने मोजून सवलत फुगवतात. सूट गाडीच्या किमतीतच मागा. "ऑफर आजच संपते" म्हणाले, तरी सगळे आकडे सहीशिक्क्यासह हातात येईपर्यंत बुकिंगची रक्कम देऊ नका.