साउथगेट पाडलं, बसमार्ग राहिला: रंकॉर्नवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

रंकॉर्नच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: इंग्लंडमधलं, सरकारने आखून वसवलेलं रंकॉर्न हे फसलेलं शहर आहे. नामवंत वास्तुविशारदाची साउथगेट ही वसाहत तिथे वीस वर्षंही टिकली नाही. एक लाख वस्तीसाठी आखलेलं शहर साठ हजारांवर थांबलं. सोयी फक्त कागदावर होत्या. आणि ज्या बसमार्गाचं मी कौतुक केलं, तीच कल्पना बीआरटी (बससाठी राखीव जलद मार्ग) म्हणून पुण्यात आणून आपण हात पोळून घेतले.

यातल्या बऱ्याच गोष्टी खऱ्या आहेत. माझं दुमत आहे ते त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षाबद्दल. वसाहत पाडली गेली हे खरं, पण ती का पाडली गेली आणि तिच्या शेजारचं काय टिकलं हे न पाहता अख्ख्या शहराच्या आराखड्यावर काट मारता येत नाही.

आधी साउथगेट, कारण तुमचा सगळा भर त्याच्यावर आहे. इंग्लंडच्या वायव्येला, मर्सी नदीकाठच्या रंकॉर्नला 'नवं शहर' म्हणून मान्यता मिळाली 1964 साली. लिव्हरपूल आणि आसपासच्या दाटीवाटीच्या, मोडकळीला आलेल्या वस्त्यांमधून माणसं इथे आणायची होती. शहराच्या मध्यभागी दुकानांचं मोठं संकुल येणार होतं आणि त्याला अगदी लागून दाट वस्ती हवी होती, म्हणजे पायी चालत बाजार गाठता येईल. ही वस्ती म्हणजे साउथगेट, आणि तिचं काम वास्तुविशारद जेम्स स्टर्लिंग यांच्याकडे 1967 साली गेलं. त्यांनी जॉर्जियन काळातल्या बाथ शहराचे चौक डोळ्यांसमोर ठेवून पाच मजली इमारतींच्या ओळी आखल्या, मध्ये हिरवळीचे चौकोन ठेवले, आणि इमारतींना वरच्या पातळीवरच्या गॅलऱ्यांनी जोडून त्या वाटा थेट बाजार संकुलापर्यंत नेल्या. जवळपास 1,500 घरं, अंदाजे 6,000 माणसं. काम 1970 ते 1977 टप्प्याटप्प्याने चाललं.

बांधकाम कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भागांचं. नंतरच्या टप्प्यात रंगीत फायबरग्लासचे पत्रे आले. खिडक्या मोठ्या आणि गोल. लोक या घरांना 'वॉशिंग मशीन' म्हणायला लागले. नकाशावर फार देखणी दिसणारी ही रचना होती, आणि स्टर्लिंग यांना 1981 साली वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला तेव्हा साउथगेट पूर्ण होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. आणखी नऊ वर्षांनी, 1990 मध्ये, ती पाडायला सुरुवात झाली आणि 1992 पर्यंत जागा मोकळी झाली. म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या घरांना तर तुम्ही म्हणता त्यापेक्षाही कमी आयुष्य मिळालं.

पण यातलं मोठं कारण चित्रात दिसत नाही, ते जमिनीखाली होतं. साउथगेटला घरोघरी बॉयलर नव्हते. एका मध्यवर्ती भट्टीघरात तेलावर पाणी तापायचं आणि नळांतून सगळ्या वसाहतीत फिरायचं. आराखडा झाला तेव्हा तेल स्वस्त होतं, त्यामुळे हिशोब जुळत होता. ऑक्टोबर 1973 नंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला आणि घर ऊबदार ठेवणं भाडेकरूंना परवडेना. अशा सामाईक यंत्रणेचा दोष समजून घ्यायला हवा. नळांतून वाटेत वाया जाणारी उष्णता आणि भट्टी चालू ठेवण्याचा खर्च घरं भरलेली असोत की रिकामी, फारसा कमी होत नाही. ज्यांना जमतं ते दुसरीकडे जातात, आणि मागे राहिलेल्या थोड्या घरांवर तोच बोजा पडतो. मग आणखी लोक जातात. त्याच दहा वर्षांत, 1967 ते 1977, ब्रिटनभर घरगुती गॅसजोडण्या उत्तर समुद्रातल्या स्वस्त नैसर्गिक वायूवर बदलल्या जात होत्या. स्वतःचा गॅस बॉयलर असलेल्या शेजाऱ्याचं बिल आटोक्यात येत होतं, आणि साउथगेटचा माणूस तेलाच्या भावाला बांधलेला होता.

दुसरं कारण गॅलऱ्या. वरच्या मजल्यावरची सामाईक वाट ही कुणाच्याच अंगणाचा भाग नसते. तिच्यावर कुणाची नजर नाही, ती झाडायची कुणी हे ठरलेलं नाही, आणि परक्या माणसाला तिथून बिनदिक्कत चालत जाता येतं. लहान मुलांची कुटुंबं अशा ठिकाणी रमत नाहीत. हा फक्त स्टर्लिंग यांचा दोष म्हणता येणार नाही, कारण रंकॉर्नच्याच कॅसलफील्ड्स भागातल्या गॅलरीवाल्या इमारतीही पुढे 2000 नंतरच्या पुनर्विकासात पाडल्या गेल्या. वास्तुविशारद वेगळे, दुखणं तेच.

आता याच शहराचा दुसरा भाग बघा, 'द ब्रो'. हाल्टन टेकडीच्या उतारावर साठच्या दशकाच्या अखेरीला रंकॉर्न विकास महामंडळाने, म्हणजे हे नवं शहर वसवणाऱ्या सरकारी संस्थेनेच, हा भाग बांधला. विटांची कमी उंचीची घरं, उतरती छपरं, वळणावळणाच्या अरुंद गल्ल्या, आणि गाडी व पायी चालणारा एकाच फरसबंद जागेत. फुटपाथ वेगळा काढलेला नाही. गल्ली इतकी आखूड आणि वळणाची की गाडीवाल्याला वेग घेताच येत नाही. पुढे ब्रिटनमध्ये अशा सामाईक गल्ल्यांची चर्चा निघाली की द ब्रोचं उदाहरण हमखास दिलं जायचं. महामंडळ तेच, काळ जवळपास तोच. द ब्रो उभं आहे, साउथगेट नाही. म्हणून 'नवं शहर ही कल्पनाच वाईट' हे विधान मला मान्य नाही. घर कसं बांधलं, ते कसं तापवलं, दार कुठे उघडतं, या बारीक गोष्टींवर वसाहत जगते किंवा मरते.

आता बसमार्ग. तुम्ही विचारलंत, त्यात एवढं काय मोठं, बसला वेगळी लेन तर कुठेही देता येते. इथे लेन नाही. रंकॉर्नचा बसमार्ग हा पूर्ण वेगळा रस्ता आहे, एकूण 22 किलोमीटर, आणि त्यावर इतर गाड्यांना बंदी. आराखडाकार आर्थर लिंग यांनी आधी हा मार्ग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा आखला आणि मग त्याच्या कडेने वस्त्या बसवल्या. आठाच्या मधोमध, दोन वेढे जिथे मिळतात तिथे, बाजार संकुल. मोटारींसाठीचा एक्स्प्रेसवे या सगळ्याच्या बाहेरून फिरतो. म्हणजे मोटारवाला वळसा घालून बाहेरून येतो आणि बस वस्तीच्या पोटातून सरळ जाते. बहुतेक शहरांत हे नेमकं उलट असतं.

अंतराचं गणितही ठरवून केलेलं होतं. बहुतेक घरांपासून बसमार्ग 500 यार्डांच्या आत, म्हणजे 460 मीटर किंवा पाच मिनिटांची चाल. थांब्याभोवती 460 मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर त्यात साधारण 165 एकर जमीन बसते. त्यातच घरं, शाळा, दुकानं, मोकळी जागा हे सगळं बसवायचं. वस्ती विरळ ठेवली तर बस रिकामी धावते, फार दाट केली तर साउथगेट होतं. ही तारेवरची कसरत होती, आणि बहुतेक वस्त्यांमध्ये ती साधली असं माझं मत आहे.

पहिली सेवा ऑक्टोबर 1971 मध्ये सुरू झाली, शेवटचा टप्पा 1980 पर्यंत पूर्ण झाला. ब्राझीलच्या कुरितिबाचा बसमार्ग, ज्याचं नाव सगळे घेतात, तो 1974 चा. मूळ लेखात रंकॉर्नच्या बसमार्गासाठी 'जगातला पहिला' हे शब्द मी कौतुकाच्या भरात लिहिले नव्हते, तारखा तशा आहेत.

पुण्याशी तुलना इथेच तुटते. तिथे 2006 च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर या आधीच गजबजलेल्या रस्त्यावर मधली लेन बसला दिली. प्रवाशाला वाहता रस्ता ओलांडून मधल्या थांब्यावर जावं लागे आणि दुचाकी त्या लेनमध्ये घुसत. रंकॉर्नमध्ये रस्ता आधी आणि घरं त्याच्या कडेला. बहुतेक लोक आले तेव्हा बस धावत होती. आपल्याकडचं जास्त योग्य उदाहरण नवी मुंबईचं आहे. सिडको स्थापन झाली 1970 साली, वाशीचा खाडीपूल 1973 ला खुला झाला, पण लोकल वाशीला पोचली 1992 मध्ये. दोन्हीकडे शेतजमीन आणि गावठाणांवर सरकारी महामंडळाने शहर वसवलं. फरक वाहतूक कधी आली याचा आहे.

तरी बसमार्गाबद्दल तुमची एक टीका मला मान्य करावीच लागेल. लेखात मी त्याच्या आजच्या अवस्थेबद्दल पुरेसं लिहिलं नाही. लिंग यांनी बस आणि मोटार यांचा वाटा निम्मा-निम्मा धरला होता. ते घडलं नाही. घरोघरी मोटार आली आणि एक्स्प्रेसवे इतका सोयीचा होता की बसने का जायचं, असा प्रश्न पडावा. म्हणजे आराखड्याच्या एका चांगल्या भागाने दुसऱ्या चांगल्या भागाची गिऱ्हाइकं पळवली. शिवाय मार्ग वेगळा ठेवायचा म्हणून तो झाडीतून आणि खोदलेल्या चरांमधून नेला. त्यामुळे बरेच थांबे कुठल्याही घराच्या खिडकीतून दिसत नाहीत. दिवसा हे छान वाटतं, पण हिवाळ्यात तिथे दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो, आणि एकट्या बाईला अशा थांब्यावर उभं राहणं नकोसं होतं. त्यात ऑक्टोबर 1986 मध्ये लंडनबाहेरच्या ब्रिटनमध्ये बससेवा खुल्या स्पर्धेला दिली गेली. मार्ग सार्वजनिक, पण त्यावर किती बस धावणार हे खाजगी कंपन्यांच्या नफ्या-तोट्यावर, अशी विभागणी झाली. आजही तिथे बस धावतात, पण आराखड्यातल्या अपेक्षेपेक्षा कमी.

सोयींबद्दल मात्र 'कागदावर' हा शब्द चुकीचा आहे. बाजार संकुलाचं, म्हणजे शॉपिंग सिटीचं, उद्घाटन राणी एलिझाबेथ यांनी 5 मे 1972 रोजी केलं. तेव्हा ते युरोपातल्या सर्वांत मोठ्या बंदिस्त बाजारांपैकी एक होतं. त्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. बसमार्ग उंचावरून, खांबांवरून येतो आणि बस इमारतीला लागूनच असलेल्या बंदिस्त स्थानकात थांबते. माणूस उतरला की छताखालूनच दुकानांच्या पातळीवर. मोटारी बहुमजली पार्किंगमध्ये, आणि सामान पोचवणारे ट्रक तळाच्या पातळीवर. तीन प्रकारची वाहतूक तीन ठिकाणी, आणि पावसात एक पाऊलही उघड्यावर टाकायची गरज नाही. रुग्णालय आणि वाचनालय शेजारीच.

याची किंमतही मोजावी लागली, आणि हा तुमच्या प्रतिक्रियेतला मला सर्वांत पटलेला भाग. जुन्या रंकॉर्न गावातला, नदीकाठचा बाजार या संकुलाने कोरडा पाडला. आणि संकुल ही एकच इमारत असल्याने दुकानं बंद झाली की शहराच्या मध्यालाच कुलूप लागतं. रस्त्यावरचा बाजार बंद झाला तरी रस्ता उरतो, इथे तोही उरत नाही. रेल्वेचं मुख्य स्थानकही जुन्या गावातच राहिलं. पूर्वेकडच्या नव्या वस्त्यांना मर्डिशॉ वस्तीजवळ रंकॉर्न ईस्ट हे स्थानक मिळालं ते 1983 साली. 2004 मध्ये ब्रिंडली नाट्यगृहही जुन्या गावातच उभं राहिलं, आणि ते योग्यच झालं.

एक सोय तुम्ही आणि मी दोघांनीही वगळली, ती नॉर्टन प्रायरी. बाराव्या शतकातल्या या मठाचे अवशेष नव्या शहराच्या हद्दीत होते. महामंडळाने 1971 मध्ये पॅट्रिक ग्रीन यांना उत्खननाला बोलावलं, काम सहा महिन्यांचं धरलं होतं. जमिनीखाली मठाचा आराखडा, फरशांचं नक्षीकाम, थडगी असं एकेक निघत गेलं आणि काम 1987 पर्यंत चाललं. तिथलं संग्रहालय 1982 मध्ये सुरू झालं, त्यात संत ख्रिस्तोफरचा दगडी पुतळा आहे. शेजारी भिंतींनी वेढलेली जुनी बाग आहे. घरं बांधायला निघालेल्या संस्थेने सोळा वर्षं एक जागा खोदू दिली, हे मला साउथगेटइतकंच महत्त्वाचं वाटतं, आणि ते मूळ लेखात असायला हवं होतं.

राहिला लोकसंख्येचा आकडा. एक लाखाचं उद्दिष्ट गाठलं नाही हे खरं, वस्ती साठ हजारांच्या आसपास स्थिरावली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारचं धोरणच बदललं आणि पैसा लिव्हरपूलसारख्या जुन्या शहरांच्या अंतर्भागाकडे वळला. रंकॉर्नचं महामंडळ 1981 मध्ये वॉरिंग्टनच्या महामंडळात विलीन झालं आणि 1989 मध्ये तेही बरखास्त झालं. रस्ते आणि बसमार्ग एक लाखाच्या हिशोबाने बांधलेले, कर भरणारे साठ हजार. देखभालीची ओढाताण तिथून येते.

पडताळून पाहायचं असेल तर उपग्रह नकाशावर रंकॉर्नची शॉपिंग सिटी शोधा. तिच्यापासून निघणारा, गाड्या जवळपास न दिसणारा दुपदरी रस्ता धरून बोट फिरवा, आठाचे दोन्ही वेढे स्पष्ट दिसतील. मग संकुलालगतचा हॉलवुड पार्क हा भाग मोठा करून बघा. विटांची दुमजली घरं, प्रत्येकाला पुढे-मागे बाग. साउथगेट तिथे होतं. वसाहत गेली, तिच्या जागी साधी घरं आली, आणि बसमार्ग जिथे होता तिथेच आहे. मूळ लेखात जुन्या बाजाराबद्दलचा आणि थांब्यांवरच्या अंधाराबद्दलचा परिच्छेद आज रात्री जोडतो, नॉर्टन प्रायरीचाही.