‘दिसायचा’चा ‘दिसला’

‘दिसायचा’चा ‘दिसला’ व्हायला एका रविवारची सकाळ पुरली.

एप्रिलमधली गोष्ट. पक्षीनिरीक्षणाच्या आमच्या एका ग्रुपवर पहाटेच कुणीतरी माळढोकाचा फोटो टाकला. पूर्ण वाढलेला नर. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, छातीवर काळा पट्टा. खाली ओळ होती, ‘आपल्या नान्नजला असा रुबाबात दिसायचा.’ टाकणाऱ्याला मी ओळखतो. खोटं बोलणारा माणूस नाही, त्याच्या मनात फक्त हळहळ होती. फोटो दुसऱ्या ग्रुपवर गेला तेव्हा कुणीतरी ती ओळ स्वतः टाइप केली आणि ‘दिसायचा’चं ‘दिसला’ झालं. तिसऱ्या ठिकाणी पुढे ‘आज सकाळी’ लागलं. नऊ वाजेपर्यंत त्या मजकुरात जोडी होती, अंडंही होतं.

मला तो आठच्या सुमारास आला. मी तिघांना पाठवला. कुणी काढला, कधी काढला, एक शब्द विचारला नाही. ते खरं असावं असं मला इतकं वाटत होतं की विचारायचं सुचलंच नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं मी दुसऱ्यांच्या नावावर खपवतोय असं वाटायला नको.

सोलापूरच्या बाहेरच्या मित्रांना कदाचित कळणार नाही की एका फोटोने एवढी खळबळ का उडावी. नान्नज इथून बार्शी रोडने वीसेक किलोमीटर. बाकी महाराष्ट्राला ते द्राक्षांचं गाव म्हणून माहीत, आम्हाला माळढोकाचं. १९७९ साली इथे माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. लहानपणी वडील मला स्कूटरवरून न्यायचे. लांब, गवताच्या पिवळ्या पट्ट्यात एक मान वर यायची आणि वडील माझा खांदा दाबायचे, बोलायचं नाही म्हणून. आता इथे एखाददुसरा दिसला तर दिसला. देशभरात मिळून दीडशेच्या आसपास उरलेत असं मानतात, त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही आणि उडताना पटकन वळता येत नाही, त्यामुळे विजेच्या तारांवर आदळून कितीतरी गेले. असा पक्षी परत आलाय म्हटल्यावर आमच्या पिढीच्या माणसाच्या घशात आवंढा येतो. त्या आवंढ्यावरच ही अफवा चालली.

फोटोवर सकाळभर चर्चा झाली. लेन्स कुठली असेल, किती अंतरावरून काढला असेल, उजेड कसला सुंदर आहे. जमिनीकडे कुणी पाहिलं नाही.

जमीन पाहिली ती वस्तीवरच्या मामांनी. पूर्वी मेंढरं वळायचे, सगळा माळ पायाखालचा. दुपारी मी त्यांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी पक्ष्याकडे क्षणभर पाहिलं, मग दोन बोटांनी खालचा कोपरा मोठा केला. पायांपाशी बारीक पिवळी रेती होती आणि रेतीवर वाऱ्याने उमटलेल्या लाटा, एकामागे एक. मामा म्हणाले, “ही रेती आपल्या रानातली न्हाई. आपल्याकडं मुरूम हाय.” मी पंचवीस वर्षं त्या माळावर चालतोय. बुटात मुरमाचे खडे घेऊन घरी येतो.

संध्याकाळी गूगल लेन्सवर तो फोटो टाकला. जैसलमेरकडच्या एका छायाचित्रकाराच्या पानावर मूळ फोटो निघाला, काही वर्षांपूर्वीचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख आणि जागा त्यातून गळून जाते. उरतं फक्त चित्र आणि खाली कुणीतरी लिहिलेली ओळ. हुडकायला मला तीन मिनिटं लागली. सकाळी आठ वाजता ही तीन मिनिटं माझ्याकडे नक्की होती.

तोवर माळावर गाड्या पोचल्या होत्या. मी स्वतः मोजलेल्या अकरा, दोन लातूरच्या. काही जण रस्त्यावर थांबले, काहींनी गाडी सरळ गवतात घातली. अभयारण्यात विनापरवाना शिरणं गुन्हा आहे हे या छंदातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही, तरी. मामांना लोक विचारत होते, कुठे आहे दाखवा. ते म्हणत होते, नाही. आणि इथे मला सगळ्यात वाईट वाटतं ते घडलं. लोकांनी त्या ‘नाही’चा अर्थ ‘लपवतायत, म्हणजे आहेच’ असा लावला.

ही सवय आम्हीच लावलीय. घरट्याची, दुर्मिळ पक्ष्याची जागा जाहीर सांगायची नाही, हा आमचा चांगला नियम. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरही काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा दाखवत नाहीत. पण याच नियमामुळे गप्प बसणारा माणूस साक्षीदार ठरतो आणि नाकारणारा तर पक्का साक्षीदार. जाणकार मंडळी त्या दिवशी गप्प राहिली. त्यांना शंका होती, नंतर दोघांनी मला तसं सांगितलं. पण ग्रुपवर लिहिलं नाही. मला त्यांच्यावर रागवावंसं वाटतं, आणि आठ वाजताचा मी आठवतो.

सोमवारी सकाळी परत गेलो. चाकोरी गवतातून आत गेली होती. चाकाच्या खुणेच्या कडेला माळटिटवीची चार अंडी होती. मातकट रंगावर काळे ठिपके, खड्यांत मिसळून जाणारी. तीन फुटलेली. चौथं शाबूत होतं, पण चाकाने ढकललेल्या मुरमात अर्धं गाडलेलं. दोन्ही पक्षी डोक्यावरून ओरडत फिरत होते. मी चौथ्याला हात लावला नाही, मागे झालो. एप्रिल म्हणजे या माळावर जमिनीवर अंडी घालणाऱ्यांचे दिवस. माळढोक नव्हता म्हणून माळ रिकामा नव्हता.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मूळ अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं होतं, गावंच्या गावं त्यात. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोकांनी वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे खेटे घातले. नंतर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. ज्या घरात मुलीच्या लग्नाला दोन एकर विकता आले नाहीत त्या घरात माळढोक हे पक्ष्याचं नाव राहत नाही. आमचा फोटो संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर पोचला आणि तिथे त्याचा मजकूर झाला, ‘माळढोक आला, आता परत खरेदी-विक्री बंद.’ द्राक्षबागेवाले एक ओळखीचे काका मला फोन करून विचारत होते, “खरंय का हो? आमचं खरेदीखत पुढच्या आठवड्यात हाय.” आम्हाला आनंदाची वाटलेली बातमी त्यांच्या घरी भीती होऊन गेली. उद्या खरोखरच एखादी मादी त्या शेताच्या बांधाला आली, तर तिच्याकडे कुठल्या नजरेने पाहिलं जाईल?

रात्री मी मूळ फोटोची लिंक आणि रेतीवर गोल केलेलं चित्र चारही ग्रुपवर टाकलं. सकाळच्या फोटोला शंभरावर अंगठे होते, माझ्या खुलाशाला सात. एकाने लिहिलं, ‘सर, लोकांच्या आनंदावर विरजण कशाला घालता.’ दुसऱ्याने, ‘हा फोटो जैसलमेरचा असेल, पण नान्नजला दिसलाय हे मला पक्कं माहीत आहे.’ एका ठिकाणी अ‍ॅडमिनने वाद नको म्हणून दोन्ही मेसेज उडवले. खोट्याचं काम झालेलं होतं, उडाला तो खुलासाच. जूनमध्येसुद्धा हिप्परग्याच्या तलावावर भेटलेला एक मुलगा मला विचारत होता, ती जोडी अजून आहे का.

माझी मागणी साधी आहे. दुर्मिळ पक्ष्याची नोंद टाकताना ‘मी स्वतः पाहिला’ आणि तारीख, एवढं लिहा. स्वतः पाहिला नसेल तर कुणी पाहिला त्याला आधी फोन करा. फोटो जुना असेल तर ‘जुना’ हा शब्द पहिला लिहा, कारण शेवटचा शब्द वाटेत गळतो. शंका आली तर जाणकारांनी त्याच ग्रुपवर, तेव्हाच बोलावं, नंतर चहाच्या गाडीवर नको. आणि खरंच दिसला तर वनखात्याला कळवा आणि आपल्या वहीत लिहा. मला सांगू नका, मला जिवावर येईल पण सांगू नका.

मी ज्या तिघांना फोटो पाठवला होता त्यांना एकेकाला फोन केला. दोघांनी पुढे पाठवलेल्यांना कळवलं. तिसऱ्याची वहिनी बार्शी तालुक्यात शाळेवर शिकवते. तिने तो रंगीत प्रिंट काढून वर्गाच्या फळ्याशेजारी लावलाय, खाली मुलांच्या अक्षरात ‘आपला माळढोक, नान्नज’. मुलं सहलीला तिथेच जायचं म्हणून मागे लागलीत. तो कागद मी पाठवलेल्या फोटोचा आहे. येत्या सोमवारी रजा टाकलीय. वडिलांनी तेव्हा काढलेला, लांबून, अर्धवट गवतात लपलेल्या मानेचा एक काळा-पांढरा फोटो घरात आहे, तो मोठा करून घेतलाय. तो घेऊन शाळेत जातो.